अंतर्गळ शस्त्रक्रियेचा इतिहास

अंतर्गळ शस्त्रक्रिया : उदराच्या भित्तीतील एखाद्या दुबळ्या जागेतून आतडे, वपा किंवा अन्य अवयव पर्युदराच्या पिशवीसह बाहेर येण्याच्या विकृतीस अंतर्गळ म्हणतात, ‘हर्निया’ हा शब्दही मराठीत आता रूढ झाला आहे. बाहेर आलेला अवयव आत सारून ती जागा पुन्हा बंद करणे, हा या विकृतीवरील सर्व शस्त्रक्रियांचा हेतू होय. अंतर्गळाचे अनेक प्रकार असले, तरी जांघेतील म्हणजेच वंक्षण अंतर्गळ सर्वांत अधिक प्रमाणात आढळतो आणि शस्त्रक्रियेचा इतिहासही प्रामुख्याने त्याच्याभोवतीच घडला आहे. म्हणून प्रस्तुत नोंद त्यापुरती मर्यादित ठेवली आहे. जगभर दरवर्षी जांघेतील अंतर्गळावर दोन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात, असा अंदाज आहे. पुरुषांपैकी सु. २७ ते ४३ टक्के व स्त्रियांपैकी ३ ते ६ टक्के व्यक्तींना हा विकार आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो.

ही शस्त्रक्रिया जांघेवर छेद घेऊन करावी की दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून करावी, हा प्रश्न १९९० नंतर सतत चर्चेत राहिला. त्याचे उत्तर मात्र ‘छेदाची शस्त्रक्रिया’ या शब्दांनी कोणती क्रिया अभिप्रेत आहे आणि ती कोठे व कोणाच्या हातून होत आहे, यांवर बरेचसे अवलंबून राहिले आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाला मुंबई, पुणे व दोंडाईचा या तीन ठिकाणांहून तीन निरनिराळी उत्तरे मिळाली.

विकृतीचे स्वरूप : पुरुष गर्भामध्ये वृषण उदरात तयार होऊन जन्मापूर्वी मुष्कात उतरते. त्याच्या या वाटेवर उदरभित्तीत सु. ४ सेंमी. लांबीचा एक तिरपा मार्ग राहतो. त्यास वंक्षण नाल म्हणतात आणि त्यातून रेतरज्जू जातो. या नालाची मागील भित्त मूळचीच पातळ असते. जन्मतः उघडी राहिलेली पर्युदराची पिशवी नालाच्या आतील मुखातून खाली उतरली, तर अप्रत्यक्ष अंतर्गळ होतो. मागील भित्तच झिजून पुढे फुगली, तर प्रत्यक्ष अंतर्गळ होतो. पहिला प्रकार कोणत्याही वयात आढळतो, दुसरा बहुधा उतारवयात. जुनाट खोकला, मलमूत्रोत्सर्गाच्या वेळी कुंथणे यांचा या विकाराशी संबंध जोडला जातो. जड ओझी उचलण्याचाही संबंध जोडण्याची परंपरा फार जुनी आहे. परंतु आधुनिक पाहणीत त्याविषयीचा पुरावा एकमुखी नाही.

अंतर्गळाने होणारी अडचण बहुधा किरकोळ असते. उभे राहिल्यावर गोळा दिसतो, आडवे झाल्यावर तो आत जातो, श्रमानंतर जांघेत ओढ लागते, एवढ्यावर कित्येक रुग्ण वर्षानुवर्षे दिवस काढतात. भय असते ते वेगळ्याच गोष्टीचे. पिशवीच्या अरुंद मुखात आतडे अडकले व त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत आतड्याचा कोथ होऊ लागतो. यास पाशित अंतर्गळ म्हणतात आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास रुग्ण दगावतो. शस्त्रक्रियेचा प्राचीन इतिहास हा मुख्यतः या पाशाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : सुश्रुतसंहितेत वृद्धिरोगाच्या सात प्रकारांत आंत्रवृद्धीचे वर्णन आले आहे. ओझे वाहणे, आपल्याहून बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे अशी कारणे तेथे सांगितली आहेत. मुष्कापर्यंत उतरलेली आंत्रवृद्धी वर्ज्य समजावी आणि जी जांघेतच आहे तिच्यावर अर्धचंद्राकार मुखाच्या शलाकेने डाग द्यावा, असा उपदेश आहे. डागण्यामागील कल्पना उघड आहे : जळालेल्या जागी घट्ट व्रण तयार होऊन वाट बंद व्हावी. उपाय करता येण्याजोगा रोगी कोणता व न येण्याजोगा कोणता, हे आधी ठरविण्याची ग्रंथकाराची सावधगिरीही लक्षात घेण्याजोगी आहे.

रोमन लेखक सेल्सस याने इ. स. पहिल्या शतकात अंतर्गळावरील छेदाचे वर्णन केले. मध्ययुगीन यूरोपात ही क्रिया फिरस्त्या वैदूंच्या हाती गेली आणि पिशवीबरोबर वृषणही काढून टाकण्याची अघोरी पद्धत पडली. सोळाव्या शतकात फ्रान्समधील प्येर फ्रांको व आंब्र्वाझ पारे यांनी तिला विरोध केला. पाशित अंतर्गळ सोडविण्याची रीत फ्रांकोने १५५६ मध्ये वर्णिली. लंडन येथे १७३५ मध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया करताना पिशवीत आंत्रपुच्छ सापडल्याने तेही काढले. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद होय. शुद्धिहरण उपलब्ध नसताना त्या मुलाने अर्धा तास काय सोसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सर्वसामान्य रुग्णाच्या वाट्याला मात्र शस्त्रापेक्षा पट्टाच येई. गादी बसविलेला हा कमरेचा पट्टा गोळा दाबून धरतो, वाट बंद करीत नाही. महाराष्ट्रातील खेड्यांतून तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास वापरात होता.

अठराव्या शतकाची अखेर व एकोणिसाव्या शतकाचा प्रारंभ या काळात अँटोनिओ स्कार्पा, अॅस्टली कूपर, हेसेलबाख इत्यादींनी शवविच्छेदनाने जांघेची सूक्ष्म रचना उलगडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ईथर व क्लोरोफॉर्म यांचा आणि त्यानंतर लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीचा वापर सुरू झाल्यावर वंक्षण नाल सावकाशीने उघडणे प्रथमच शक्य झाले.

बास्सीनी व त्याचे अनुयायी : आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया इटलीतील पादुआ येथे एदोआर्दो बास्सीनी (१८४४–१९२४) यांनी घातला. गॅरिबॉल्डीच्या पक्षाकडून लढताना १८६७ मध्ये बास्सीनी यांच्याच जांघेत संगिनीचा वार बसला होता आणि ती जखम भरून येण्यास दीर्घकाळ लागला होता. १८८४ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली आणि तिचा वृत्तांत १८८७ पासून प्रसिद्ध केला. नुसती पिशवी बांधून भागत नाही, नालाची मागील भित्त नव्याने उभारली पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यासाठी आतील स्नायूंचे थर व त्यांखालील पटल एकत्र घेऊन ते रेतरज्जूच्या मागे वंक्षण बंधाला टाक्यांनी जोडले जाई. शस्त्रक्रिया झालेल्या दोनशेहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा करून विकार किती जणांत उलटला, हेही त्यांनी नोंदविले. शस्त्रक्रियेचे यश टाके भरण्यावर न मोजता पुढील काही वर्षांवर मोजावे, हा दंडक येथून सुरू झाला. अमेरिकेत हॉल्स्टेड यांनी जवळजवळ त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच पद्धत मांडली.

बास्सीनींची क्रिया जगभर पसरताना तिच्यात काटछाट झाली. मागील पटल उघडून सर्व थर एकत्र शिवण्याचा कष्टाचा भाग अनेकांनी गाळला व केवळ स्नायू खाली ओढून बंधाला शिवला. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ऊतकांना टाक्याने जवळ आणल्यास त्यांवर ताण राहतो आणि ताणाखालचा टाका हळूहळू ऊतक कापतो. त्यामुळे विकार उलटण्याचे प्रमाण वाढले. कॅनडात अर्ल शोल्डिस (१८९०–१९६५) यांनी मागील भित्तीचे पदर एकावर एक घेऊन चार ओळींत पोलादी तारेने शिवण्याची रीत बसविली. दुसऱ्या महायुद्धात अंतर्गळामुळे सैन्यात नाकारल्या जाणाऱ्या तरुणांची संख्या पाहून ते या कामाकडे वळले होते. स्थानिक संवेदनाहरण आणि रुग्णाला लगेच चालविणे, हे त्यांच्या पद्धतीचे विशेष होत. टोराँटो येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या रुग्णालयातील निकाल उत्कृष्ट होते. परंतु ती क्रिया शिकण्यास वेळ लागतो आणि इतरत्र तेवढे यश क्वचितच मिळाले.

जाळीचा उपयोग : ताण टाळण्याचा दुसरा मार्ग म्हणजे फटीचे काठ जवळ न ओढता तीवर ठिगळ लावणे. ह्यूस्टन येथील फ्रान्सिस अशर यांनी १९५८ मध्ये पॉलिएथिलिनाच्या धाग्यांची विणलेली जाळी या कामी वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तिची जागा पॉलिप्रॉपिलिनाने घेतली. शरीर या धाग्यांना फारसा विरोध करीत नाही आणि जाळीच्या छिद्रांतून नवे ऊतक वाढून ती भित्तीशी एकजीव होते. लॉस अँजेल्स येथील अर्व्हिंग लिक्टनस्टाइन (१९२०–२०००) व त्यांचे सहकारी यांनी १९८४ पासून प्रत्येक रुग्णात ताणरहित जाळी बसविण्यास प्रारंभ केला आणि १९८९ मध्ये एक हजार रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जांघेवर सु. ५–६ सेंमी. छेद, स्थानिक भूल, मागील भित्तीवर सपाट जाळी आणि त्याच दिवशी घरी, असे या क्रियेचे स्वरूप आहे. शिकण्यास ती सोपी आहे आणि शिकणाऱ्याच्या हातूनही निकाल चांगला लागतो, हे तिच्या प्रसाराचे खरे कारण होय. बालकांत मात्र जाळीची गरज नसते. पिशवी तिच्या मुळाशी बांधणे पुरेसे होते.

याच काळात फ्रान्समध्ये रने स्तॉपा यांनी वेगळा विचार मांडला. बुडत्या जहाजाचे छिद्र आतून बुजवण्यापेक्षा बाहेरून बुजवणे श्रेयस्कर. कारण पाण्याचा दाबच ठिगळ जागेवर धरून ठेवतो. (जहाजाच्या बाबतीत दाब बाहेरचा असतो व उदरात आतला, हा भेद दृष्टांतापुरता सोडून द्यावा.) उदरातील दाब आतून बाहेर असल्यामुळे मोठी जाळी पर्युदर व स्नायू यांच्या मधोमध पसरली, तर प्रत्येक खोकल्याबरोबर ती अधिकच घट्ट बसते, असे हे तत्त्व आहे. त्याकरिता स्तॉपा यांना उदरावर मोठा छेद घ्यावा लागे. तीच जागा छेदाशिवाय गाठणे दुर्बिणीने पुढे शक्य केले.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया : उदरात वायू भरून नळीतून आत पाहण्याचा पहिला प्रयोग जर्मनीतील गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्यावर केला. पुढील सात-आठ दशके हे तंत्र मुख्यतः निदानापुरते व स्त्रीरोगचिकित्सेपुरते राहिले. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले; १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मूरे यांनी चित्रवाणी-कॅमेऱ्याच्या साहाय्याने तीच क्रिया केली. त्यानंतर हे तंत्र वणव्यासारखे पसरले.

भारतात या तंत्राचे प्रवर्तन मुंबईत झाले. तेहेमटन उडवाडिया (१९३४–२०२३) यांनी १९७२ पासूनच निदानासाठी उदरदर्शनाचा उपयोग सुरू केला होता. ३१ मे १९९० रोजी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर काही महिन्यांतच पुण्यात ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ती केली. ही महाग यंत्रसामग्री गरीब देशाला परवडणार नाही, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. उडवाडियांचे म्हणणे नेमके उलट होते : हातावर पोट असणाऱ्याला रुग्णालयातून लवकर सोडणे व कामावर लवकर पाठविणे, ही चैन नव्हे. त्यांनी हा प्रयोग गर्दीने भरलेल्या सरकारी रुग्णालयात केला, ही गोष्ट या युक्तिवादाला वजन देते. मात्र पित्ताशयाच्या बाबतीत मोठ्या छेदाची जागा दुर्बीण घेत होती. अंतर्गळाच्या बाबतीत तिची तुलना लहानशा छेदाशी व स्थानिक भुलेशी होती. एका रोगातील यश दुसऱ्या रोगाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे त्या उत्साहाच्या काळात अनेकांच्या नजरेतून सुटले.

अंतर्गळावर दुर्बिणीने उपचार करण्याचे पहिले प्रयत्न राल्फ गेर यांनी केले व १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी पिशवीचे मुख आतून चिमट्यांनी बंद केले होते. नंतर काहींनी फटीत जाळीचा बोळा कोंबून पाहिला. तो टिकला नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आज प्रचलित असलेल्या दोन पद्धती स्थिर झाल्या. एकीत दुर्बीण उदरपोकळीत नेऊन, आतून पर्युदर उघडून, जाळी पसरून पर्युदर पुन्हा मिटवतात. दुसरीत उदरपोकळीत न शिरता स्नायू व पर्युदर यांमधील जागा फुगवून तेथेच काम करतात. दोहोंत अर्धा ते एक सेंमी. व्यासाची साधारणतः तीन छिद्रे, कार्बन डाय-ऑक्साइड वायू, किमान १०×१५ सेंमी. मापाची जाळी आणि बहुधा संपूर्ण शुद्धिहरण लागते. जांघेची रचना येथे शस्त्रक्रियाविशारदाला मागील बाजूने दिसते. समोरून पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला ती प्रथम अनोळखी वाटते.

तुलनात्मक चाचण्या : दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निकाल वाचताना त्यांतील प्रतिपक्ष कोण आहे, हे पाहणे आवश्यक आहे. नेदरलँड्समध्ये १९९७ साली ९९४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत दुर्बिणीच्या गटात विकार उलटण्याचे प्रमाण ३ टक्के, तर छेदाच्या गटात ६ टक्के होते. कामावर परतण्यास अनुक्रमे १४ व २१ दिवस लागले. परंतु तेथील छेदाच्या शस्त्रक्रिया प्रायः जाळीविना, जुन्या पद्धतीच्या टाक्यांनी केलेल्या होत्या. त्यामुळे दुर्बीण विरुद्ध छेद एवढीच ती तुलना नव्हती, तर जाळी विरुद्ध टाका अशीही होती. ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ९२८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात विकार उलटलेले सर्व रुग्ण दुर्बिणीच्या गटातील निघाले.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत २,१६४ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी दोन्ही गटांत जाळी वापरली होती. दोन वर्षांत दुर्बिणीच्या गटात १०·१ टक्के, तर छेदाच्या गटात ४·९ टक्के रुग्णांत विकार उलटला. दुर्बिणीच्या गटातील रुग्णांना प्रारंभी वेदना कमी होत्या व ते नेहमीचे व्यवहार एक दिवस आधी करू लागले. तथापि या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दुर्बिणीने २५० हून अधिक शस्त्रक्रिया केलेल्या विशारदांच्या प्रथमोद्भव अंतर्गळाच्या रुग्णांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली होते. पूर्वी एकदा शस्त्रक्रिया होऊन उलटलेल्या अंतर्गळांत दोन पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. अडीचशे शस्त्रक्रियांचा हा उंबरठा ओलांडेपर्यंत शिकणाऱ्याच्या हाताची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आकडे विचारत नाहीत. तो रुग्णाने विचारायचा असतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण प्रौढ रुग्णात जाळीची शिफारस केली. समोरून जाळी किंवा दुर्बिणीने जाळी या दोहोंना मान्यता दिली आणि विशारदाचा अनुभव व साधनांची उपलब्धता पाहून निवड करावी, असे म्हटले. दोन्ही बाजूंचे अंतर्गळ त्याच छिद्रांतून एकाच वेळी दुरुस्त होतात, तेव्हा दुर्बीण निश्चितच सोयीची ठरते. स्त्रियांत जांघेखालील और्वी अंतर्गळ समोरून निसटून जाण्याचा संभव असल्याने त्यांच्यासाठीही तीच योग्य समजतात. समोरून केलेली शस्त्रक्रिया फसल्यास मागून व मागून केलेली फसल्यास समोरून जावे, असाही संकेत आहे. व्रणाने चिकटलेल्या ऊतकांतून पुन्हा वाट काढणे त्यामुळे टळते. पुरःस्थ ग्रंथीवर किंवा ओटीपोटात पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असल्यास अथवा रुग्णाचे हृदय वा फुप्फुस संपूर्ण भूल सोसण्याजोगे नसल्यास छेदाची क्रिया अधिक सुरक्षित होय. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होणे विरळा. पण झाल्यास ती गंभीर असते. दोन्ही पद्धतींत सु. १० ते १२ टक्के रुग्णांत तीन महिन्यांनंतरही जांघेत काही प्रमाणात वेदना राहते. विकार उलटणे कमी झाल्यावर आता ही वेदनाच शस्त्रक्रियेची मुख्य उणीव मानली जाते. दुर्बिणीच्या पद्धतीत ती काहीशी कमी आढळते.

दोंडाईचा व मच्छरदाणीची जाळी : जाळी सर्वमान्य झाली, तेव्हा भारतातील ग्रामीण शस्त्रक्रियाविशारदांपुढे अगदी वेगळी अडचण होती. आयात केलेल्या जाळीच्या एका तुकड्याची किंमत अनेक शेतमजुरांच्या महिन्याच्या मजुरीहून अधिक पडे. साहजिकच शहरात ताणरहित शस्त्रक्रिया व खेड्यात जुना टाका, अशी विभागणी झाली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शस्त्रक्रियाविशारद रवींद्रनाथ टोणगावकर यांनी यावर शोधलेला उपाय बाजारातच होता. मच्छरदाणीचे कापड पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांच्या धाग्यांचे असते आणि महागडी जाळीही त्याच कुळातील. कापड धुऊन, योग्य मापाचे तुकडे कापून व ते वाफेच्या दाबपात्रात निर्जंतुक करून त्यांनी अंतर्गळात बसविण्यास सुरुवात केली. ग्रामीण भागात काम करणाऱ्या इतर सहकाऱ्यांनीही ते वापरून पाहिले. सर्वांचा मिळून तीनशेहून अधिक शस्त्रक्रियांचा एकत्रित अनुभव २००३ मध्ये भारतीय शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्ग व विकार उलटणे यांचे प्रमाण नेहमीच्या जाळीच्या तुलनेत चिंताजनक नव्हते आणि जाळीचा खर्च मात्र काही रुपयांवर आला होता.

हा प्रयोग प्रथम अनेकांना थट्टेचा विषय वाटला. त्यावरील आक्षेप सर्वस्वी पोकळ नव्हते. मच्छरदाणी विणणारा कारखाना धाग्याची जात, जाडी किंवा त्यावरील लेप कोणालाही न कळवता बदलू शकतो. पॉलिएथिलीन कमी तापमानाला वितळत असल्याने निर्जंतुकीकरणात १२१° से. तापमानाची मर्यादा कटाक्षाने सांभाळावी लागते. अधिक तापविल्यास कापड आकसते. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी तर या कामी मुळीच चालत नाही. तरीही आफ्रिकेत काम करणाऱ्या यूरोपीय विशारदांनी दोंडाईच्याचा धडा उचलला व घाना, बुर्किना फासो इ. देशांत अशी जाळी वापरली. युगांडामध्ये ३०२ पुरुषांवर झालेल्या काटेकोर चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षात स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णात व व्यापारी जाळीच्या गटात एकाही रुग्णात विकार उलटला नाही, एवढाच फरक दिसला. उपद्रवांचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे, सु. ३० टक्के होते आणि त्यांतील बहुतेक किरकोळ होते. खानदेशातील एका गावात सुरू झालेली कल्पना अशा रीतीने जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात प्रतिष्ठित झाली. भारतात पुढे देशी कारखान्यांच्या जाळ्या स्वस्त झाल्या, २०१७ मध्ये वैद्यकीय उपकरणांविषयीचे नियमही अधिसूचित झाले आणि मच्छरदाणीची निकड बरीच ओसरली. परंतु शस्त्रक्रियेची किंमत ही निसर्गनियमाने ठरलेली नसते, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

देसरडा पद्धती : पुण्यातील शस्त्रक्रियाविशारद मोहन देसरडा यांनी जाळीचाच आश्रय का घ्यावा, असा प्रश्न केला. त्यांची पद्धत २००१ मध्ये परदेशी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. वंक्षण नालाच्या समोर असलेल्या बाह्य तिर्यक स्नायूच्या कंडराकलेची १ ते २ सेंमी. रुंदीची पट्टी, दोन्ही टोके मूळ जागी तशीच ठेवून, वेगळी करतात. तिची खालची कड वंक्षण बंधाला व वरची कड आतील स्नायूला शिवतात. पट्टी दोन्ही टोकांना स्नायूशी जोडलेली असल्यामुळे स्नायू आकुंचन पावला की तीही ताणली जाते आणि मागील भित्त हालचालीसह सजीव आधार देते, असे देसरडांचे प्रतिपादन आहे. परका पदार्थ शरीरात राहत नाही व जाळीचा खर्चही लागत नाही.

या पद्धतीची कसून परीक्षा पोलंडमध्ये झाली. तेथील २०८ पुरुषांवरील चाचणीत (२०१२) देसरडा व लिक्टनस्टाइन या दोन्ही गटांत तीन वर्षांत प्रत्येकी दोन रुग्णांत विकार उलटला. हा निकाल उत्साहवर्धक असला, तरी तीन वर्षे हा अंतर्गळाच्या दृष्टीने अल्प काळ होय; कारण टाक्यांच्या पद्धतींचे अपयश पुष्कळदा त्यानंतर दिसू लागते. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी जाळीविना करावयाच्या पद्धतींत शोल्डिस यांनाच अग्रस्थान दिले. कंडराकला पातळ झालेल्या किंवा फाटलेल्या रुग्णात पट्टी काढता येत नाही, ही या पद्धतीची स्वाभाविक मर्यादा आहे. तथापि तरुण रुग्ण, जंतुसंसर्ग झालेली जागा आणि पाशित अंतर्गळात आतडे कापावे लागणे, अशा जाळी टाळाव्या वाटणाऱ्या प्रसंगी तिचे महत्त्व उघड आहे.

निवडीचा व्यवहार : सर्वच अंतर्गळांवर तातडीने शस्त्रक्रिया आवश्यक नसते. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या चाचणीत (२००६) फारसा त्रास नसलेल्या रुग्णांना नुसते देखरेखीखाली ठेवले असता पाश पडण्याचा प्रसंग वर्षाला हजारी दोहोंपेक्षा कमी आला. मात्र दहा वर्षांच्या अवधीत त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश रुग्णांनी, मुख्यतः वेदनेमुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. हा निष्कर्ष मोठ्या रुग्णालयाजवळ राहणाऱ्यांविषयीचा आहे, हे विसरता कामा नये. पाश पडल्यावर हाताशी किती तास आहेत, यावर वाट पाहण्यातील धोका अवलंबून असतो.

पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर व औद्योगिक क्षेत्रालगत वसले आहे. अशा गावातील रुग्णाला दोन्ही शहरांतील दुर्बिणीची शस्त्रक्रिया आज अप्राप्य राहिलेली नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डीसारख्या भागातून दर हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात जाणाऱ्या ऊसतोडणी मजुराची स्थिती निराळी आहे. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढविणाऱ्या या मजुराचा मुक्काम कित्येक महिने उसाच्या फडालगत असतो. जांघेतील गोळ्याकडे तो हंगाम संपेपर्यंत लक्ष देत नाही आणि हंगामाची उचल आधीच घेतलेली असल्याने त्याला मध्येच थांबताही येत नाही. त्याच्या दृष्टीने दोन पद्धतींतील एका-दोन दिवसांच्या फरकापेक्षा शस्त्रक्रिया हंगामापूर्वी, जवळच्या रुग्णालयात व स्थानिक भुलेवर होऊ शकते की नाही, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते जाळीसह केलेली छेदाची शस्त्रक्रिया या कसोटीला आजही सर्वांत चांगली उतरते. पूर्वी अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने ओझे उचलू नये, असे सरसकट सांगितले जाई. जाळीच्या पद्धतींत एवढ्या विश्रांतीस आधार नाही. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत हलकी व चार ते सहा आठवड्यांत जड कामे करू लागतात. हे दोन्ही पद्धतींना लागू आहे.

यंत्रमानवाच्या हातांनी करावयाच्या शस्त्रक्रियाही अलीकडे महानगरांत होऊ लागल्या आहेत. साध्या अंतर्गळात त्यांपासून दुर्बिणीहून अधिक लाभ होतो, असे अद्याप दिसून आलेले नाही; खर्च मात्र निश्चितपणे वाढतो. अंतर्गळ अचानक कठीण व दुखरा होणे, तो आत न जाणे, त्याबरोबर उलट्या होणे किंवा पोट फुगणे ही पाशाची लक्षणे होत. अशा वेळी गोळा जोराने आत ढकलण्याचा घरगुती प्रयत्न करणे धोक्याचे असते. कोथ झालेले आतडे त्यामुळे फुटण्याचा संभव असतो. रुग्णाला काहीही खाण्यापिण्यास न देता, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात त्वरित न्यावे लागते. तेथील शस्त्रक्रिया बहुधा छेद घेऊनच होते.